ड्रॅक्युला एकच, मग लुगोसी, ली आणि ओल्डमनचा वेगळा का वाटतो?

ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ कादंबरी १८९७ साली आली. तेव्हापासून अनेक नटांनी हा रक्तपिपासू काउंट साकारला. त्यातले हे तिघं बघा.

बेला लुगोसी (१९३१): हा मूळचा हंगेरियन नट. ब्रॉडवेच्या नाटकातही त्याने हीच भूमिका केली होती. त्याचे सुळे सिनेमात दिसतच नाहीत. भीती वाटते ती रोखलेल्या नजरेची आणि संथ, परक्या उच्चारांची. बोलपट तेव्हा नवे होते, त्यामुळे आवाजच हत्यार ठरला.

ख्रिस्तोफर ली (१९५८): ब्रिटनच्या हॅमर कंपनीचा सिनेमा रंगीत होता. मग लालबुंद डोळे, सुळे आणि रक्त थेट पडद्यावर आलं. लीचा ड्रॅक्युला बोलतो कमी, झडप जास्त घालतो. १९६६ च्या सिनेमात तर त्याला एकही संवाद नाही.

गॅरी ओल्डमन (१९९२): सुळे एव्हाना प्रेक्षकांना पाठ झाले होते. म्हणून कोपोलाच्या सिनेमात मूळ कादंबरीत नसलेली प्रेमकथा आली. बायकोसाठी शतकानुशतकं झुरणाऱ्या या राक्षसाची भीतीही वाटते आणि कीवही येते.

मग सर्वांत भारी कोण?

ते आवडीवर आहे. पण या भूमिकेची सर्वांत मोठी किंमत लुगोसीने मोजली. लीने हॅमरसाठी सात वेळा ड्रॅक्युला करूनही पुढे वेगळ्या भूमिका मिळवल्या. ओल्डमनला चर्चिलच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. लुगोसीवरचा शिक्का मात्र पुसला गेला नाही. १९५६ मध्ये त्याला दफन केलं, तेही ड्रॅक्युलाच्या झग्यातच.