माणूस माकडापासून झाला का? उत्तर शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या बगीच्यात सापडतं

वरुड तालुक्यातलं शेंदूरजनाघाट दोन गोष्टींसाठी ओळखलं जातं. एक संत्रा, दुसरी संत्र्याच्या कलमा. सातपुड्याच्या पायथ्याशी असल्यामुळे इथल्या बगीच्यांना तिसरा भागीदारही आहे, तो म्हणजे काळतोंडं वानर. टोळी शिरली की राखणदार धावतो, फटाके वाजतात, वानरं दुसऱ्या धुऱ्यावर जाऊन बसतात आणि पुन्हा येतात.

आपण राखतो तेच फळ त्यालाही हवं असतं, हा योगायोग नाही. पण त्याआधी एक जुना वाद बघू.

जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादला एका वैदिक संमेलनात तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, कारण माकडाचा माणूस होताना कुणीच पाहिलेलं नाही. देशातल्या तीनही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून ते खोडून काढलं. पुढे एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला आणि 2023 मध्ये 1800 हून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी त्याविरुद्ध खुलं पत्र लिहिलं. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात मात्र 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा धडा पहिलाच आहे. त्यामुळे वर्गात तो प्रश्न हमखास येतो, "सर, मग आत्ताची माकडं माणूस का होत नाहीत?"

तर पहिली गोष्ट. उत्क्रांतीशास्त्र असं म्हणतच नाही की समोरच्या वानरापासून माणूस झाला. वानर आपला आजोबा नाही, लांबचा चुलतभाऊ आहे. साधारण अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी एका पूर्वजाच्या वंशाच्या दोन फांद्या झाल्या. एकीवर वानर आणि लाल तोंडाची माकडं, दुसरीवर गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी आणि आपण. चिंपांझी आणि आपली वाट तर फार अलीकडे, साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली.

हे कुणी पाहिलं? कुणीच नाही. पण खुणा राहिल्यात, आणि त्यातली सगळ्यात भारी खूण संत्र्याशीच जोडलेली आहे.

तुमच्या गोठ्यातली गाय, बकरी, दारातलं कुत्रं यांना संत्रा खायची गरज नसते. त्यांचं यकृत क जीवनसत्त्व स्वतः तयार करतं. आपलं करत नाही. म्हणून तर पूर्वी महिनोन्‌महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांच्या हिरड्या सडायच्या आणि ते स्कर्व्हीने मरायचे. 1747 मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. ज्या दोघांना रोज संत्री आणि लिंबू मिळालं ते आठवड्याच्या आत उठून बसले.

आता गंमत अशी की क जीवनसत्त्व तयार करायच्या शेवटच्या पायरीचं जनुक आपल्याकडे आहे. फक्त ते मोडकं आहे. 1990 च्या दशकात जपानी संशोधकांनी माणसाच्या आठव्या गुणसूत्रावर त्याचे अवशेष शोधून काढले. काही तुकडे गायब, उरलेल्यात चुका. मग चिंपांझी, ओरांगउटान, मकाक माकडं यांच्यात पाहिलं, तर त्यांच्याकडेही तेच मोडकं जनुक निघालं.

कलमांच्या गावात हे समजावणं सोपं आहे. मातृवृक्षात एखादा दोष असेल तर त्याचा डोळा घेऊन बांधलेल्या सगळ्या कलमांत तो उतरतो. दहा गावांतल्या बगीच्यांत अगदी तोच दोष दिसला तर जाणता माणूस विचारतो, "ही कलमं एकाच ठिकाणची का?" इथेही तसंच. लेमूर, लोरिस यांच्यात हे जनुक अजून चालू आहे, माकडांत आणि आपल्यात बंद. म्हणजे बिघाड आपल्या सामायिक पूर्वजात, अंदाजे सहा कोटी वर्षांपूर्वी झाला. गिनीपिगचंही हे जनुक बंद आहे, पण ते स्वतंत्रपणे आणि वेगळ्या पद्धतीने मोडलंय. तो फरकच आपल्या नात्याचा पुरावा ठरतो. तेव्हा त्या पूर्वजाचं काही अडलं नाही, कारण फळं-पानं भरपूर होती.

दुसरी खूण डोळ्यात. गाईला आणि कुत्र्याला हिरव्या पानांतला नारिंगी संत्रा आपल्यासारखा उठून दिसत नाही, कारण त्यांच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. वानराला, लाल माकडाला आणि आपल्याला तीन. तीन-चार कोटी वर्षांपूर्वी एका जनुकाची जादा प्रत तयार झाली आणि लाल-हिरवा फरक कळू लागला. फायदा पिकलेलं फळ ओळखण्यात झाला की कोवळी लालसर पानं ओळखण्यात, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. (आंबिया बहाराचा संत्रा पिकूनही हिरवट राहतो, तिथे तिन्ही पेशी फारशा कामी येत नाहीत, तो भाग वेगळा.)

हाताचं तर विचारूच नका. नख्यांऐवजी चपटी नखं आणि पकडणारी बोटं ही या सगळ्या घराण्याची जुनी मिळकत. सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत सुमारे 5 कोटी 45 लाख वर्षांपूर्वीच्या, मुठीत मावतील एवढ्या प्रायमेट प्राण्यांची हाडं सापडली आहेत, आणि तीही झाडावर चढणाऱ्यांची.

पण इथे आपण आणि वानर वेगळे होतो. वानराचा अंगठा आखूड असतो. फांदी धरायला चार बोटं पुरतात. आपला अंगठा लांब, आणि त्याचं टोक तर्जनीच्या टोकाला नीट टेकतं. रोपवाटिकेत जंबेरीच्या खुंटावर दिवसभर डोळे बांधणाऱ्या मजुराचं सगळं कसब या चिमटीत आहे. आपले पूर्वज दोन पायांवर चालू लागले आणि हात मोकळे झाले. टांझानियात लेटोली इथे राखेत उमटलेली त्यांची पावलं 36 लाख वर्षांपूर्वीची आहेत. शेंदूरजनाघाटहून सातपुडा ओलांडून उत्तरेला गेलं की नर्मदाकाठी हथनोरा लागतं. तिथे 1982 मध्ये भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना प्राचीन मानवाची कवटी सापडली.

शेपूटही गेली. तिचं मूळ पाठीच्या खाली शिल्लक आहे, आणि मराठीने त्याला आधीच नाव देऊन ठेवलंय, माकडहाड. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात एका जनुकात शिरलेला छोटासा तुकडा शेपूट जाण्यामागे असल्याचं दिसलं. तो तुकडा सगळ्या कपींत आणि आपल्यात आहे, शेपटीच्या माकडांत नाही.

राहिला वर्गातला प्रश्न. वानरं माणूस का होत नाहीत? कारण ती कुठे अर्ध्यावर थांबलेली नाहीत. त्यांनी त्याच अडीच-तीन कोटी वर्षांत दुसरंच काहीतरी कमावलंय. वानराचं पोट गाईसारखं कप्प्याकप्प्यांचं असतं, त्यात जिवाणू पाला आंबवतात आणि वानर त्यावर जगतं. गाईच्या पोटात या जिवाणूंना पचवणारं जे विकर असतं, तसंच वानरांच्या घराण्यात स्वतंत्रपणे घडलंय. भर उन्हाळ्यात, जंगलात फळ नसताना, नुसत्या पानांवर दिवस काढणं आपल्याला जमणार नाही. त्याला जमतं. आणि बगीचा दिसला की तो फळही सोडत नाही.