जुने गोवे, दिवाडी बेट आणि दंतधातूची राख

दसऱ्याला नागपूरची दीक्षाभूमी आणि सहा डिसेंबरला मुंबईची चैत्यभूमी. आमच्या सानगडीच्या वस्तीतील बहुतेक कुटुंबांचा लांबचा प्रवास या दोन ठिकाणांपलीकडे जात नाही. बाकी लग्न-मौतीला साकोली-भंडारा आणि कामासाठी नागपूर. म्हणून धान चुरून झाल्यावर आम्ही पाच घरच्या मंडळींनी गोव्याला जायचे ठरवले, तेव्हा वस्तीत हसू झाले. गोवा म्हणजे समुद्र आणि दारू, एवढेच लोकांना ठाऊक. त्यात आम्ही चर्च पाहायला निघालो आहोत हे कळल्यावर एका काकांनी सरळच विचारले, "आपले विहार सोडून चर्च कावून पाहता बापा?"

प्रश्न बरोबर होता. त्याचे उत्तर गोव्यात मांडवी नदीच्या पाण्यात आहे. ते पुढे येईलच.

मुंबईमार्गे गेल्यास कोकण रेल्वेचे करमळी स्टेशन जुन्या गोव्याला अगदी जवळ पडते. आम्ही मात्र राहण्याच्या सोयीसाठी पणजीत उतरलो आणि सकाळी कदंबच्या बसने जुन्या गोव्याला गेलो. चर्चमध्ये जायला पैसे पडत नाहीत. खांदे व गुडघे झाकलेले कपडे मात्र हवेत. आमच्या बायकांनी सवयीने दारातच चपला काढल्या. तिथे कोणी काढत नाही, हे आत गेल्यावर कळले! सेंट फ्रान्सिस चर्चला लागून पुरातत्त्व खात्याचे वस्तुसंग्रहालय आहे. त्याला तिकीट लागते आणि ते शुक्रवारी बंद असते, एवढे ध्यानात ठेवावे.

पोर्तुगीज सेनापती आल्बुकेर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी हे शहर जिंकले. तो दिवस संत कॅथरिनचा होता, म्हणून तिच्या नावाचे एक छोटे चॅपेल इथे उभे राहिले. पुढे त्याच संत कॅथरिनच्या नावाने प्रचंड से कॅथेड्रल बांधले गेले. काम १५६२ साली सुरू झाले आणि १६१९ पर्यंत चालले. त्याला दोन मनोरे होते. एक १७७६ साली कोसळला व तो पुन्हा कोणी बांधला नाही. आजही इमारत एका बाजूने लंगडी दिसते. जवळच्या टेकडीवर सेंट ऑगस्टीन चर्चचा ४६ मीटर उंचीचा अर्धा मनोरा उभा आहे, बाकी सगळे पडलेले. या पडक्या भिंतींत जॉर्जिया देशाच्या राणी केतेवान हिच्या अस्थी सापडल्या. त्यांचा काही भाग भारत सरकारने २०२१ साली सन्मानाने जॉर्जियाला दिला. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी.

बॉम जीझस बॅसिलिकासमोर आमच्यातले एक गवंडीदादा बराच वेळ भिंतीला हात लावून उभे राहिले. ही इमारत १५९४ साली सुरू होऊन १६०५ साली पूर्ण झाली. सगळा जांभा दगड, आणि तो उघडा. "एवढ्या पावसाच्या मुलखात जांभ्यावर गिलावा नाही, हे कसे?" असे ते म्हणाले. चौकशी केली तर खरेच निघाले. गिलावा मुळात होता. दगड उठून दिसावा म्हणून तो १९५० नंतरच्या दशकात काढून टाकला, आणि आता पावसाने दगड झिजतो म्हणून पुन्हा गिलावा करावा की नाही याचा वाद गोव्यात चालतो. शिकलेल्या लोकांनी काढला आणि आमच्या गवंड्याने दोन मिनिटांत चूक ओळखली. असो.

याच चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांचे शव चांदीच्या पेटीत उंचावर ठेवले आहे. दर दहा वर्षांनी ते खाली आणून दर्शनाला ठेवतात. मागचे दर्शन नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये झाले. गोव्याचे लोक, त्यांत हिंदूही आले, त्यांना 'गोंयचो सायब' म्हणतात. रोग्यांची सेवा करणारा हा माणूस होता, हे खरे. त्यांनीच १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात धर्मन्यायालय मागितले, हेही खरे. ते 'इन्क्विझिशन' १५६० साली आले आणि मधली काही वर्षे सोडता १८१२ पर्यंत टिकले. त्याचा सर्वाधिक मार नव्याने ख्रिस्ती झालेल्या इथल्याच लोकांना बसला.

दुपारी व्हाइसरॉयच्या कमानीखालून आम्ही धक्क्यावर आलो. समोर मांडवीचे रुंद पात्र आणि पलीकडे दिवाडी बेट.

पोर्तुगीज व्हाइसरॉय कॉन्स्टान्टिनो द ब्रागांझा याने १५६० साली श्रीलंकेतील जाफन्यावर हल्ला केला. लुटीत सोन्यात मढवलेला एक दात मिळाला. तो तथागतांचा दंतधातू आहे असे कळले. पेगूच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या, राजाने तो परत मिळावा म्हणून वकील पाठवले. त्याने तीन-चार लाख क्रुझादो देऊ केल्याचे पोर्तुगीज इतिहासकार दिओगो दो कुटो सांगतो. खजिना रिकामा होता, व्हाइसरॉयचे मन डळमळले. पण धर्मगुरूंनी नकार दिला. १५६१ साली आर्चबिशप गास्पार यांनी सर्वांसमक्ष तो दात खलबत्त्यात कुटला, शेगडीत जाळला आणि राख या नदीत टाकली.

श्रीलंकेचे बौद्ध मानतात की खरा दंतधातू भिक्खूंनी लपवून ठेवला होता, आणि तोच आज कँडीच्या विहारात आहे. १९५० साली बाबासाहेब बौद्ध परिषदेला गेले होते, तेच हे कँडी. जाफन्याचा दात खरा की खोटा, हा प्रश्न आमच्या दृष्टीने दुसरा आहे. कुटणाऱ्यांनी तो खरा समजूनच कुटला.

आमच्यापैकी कोणी काही बोलले नाही. फेरी आली. पायी जाणाऱ्याला तिकीट लागले नाही.

दिवाडीवर उतरताच मात्र मंडळींचे चेहरे खुलले. चर्च राहिले बाजूला, सगळे धानाच्या बांधीत शिरले! याला तिकडे खाजन म्हणतात. खारे पाणी अडवायला नदीकाठाने बांध घातलेले असतात आणि बांधाला लाकडी दाराची मोरी असते, तिला 'मानस' म्हणतात. भरतीला दार आपोआप मिटते, ओहोटीला उघडते व शेतातले पाणी बाहेर जाते. आमच्या तळ्याच्या तुडुमापेक्षा ही युक्ती वेगळी. वस्तीतल्या एका आजीने वाकून पीक कापल्यावर उरलेले बुडखे पाहिले आणि म्हणाल्या, "हे तं आपल्यासारखंच हाय. फक्त माती खारट."

बेटाच्या टेकडीवर पिएदादचे पांढरे चर्च आहे. शेजारच्या स्मशानभूमीतील चॅपेलमध्ये कदंब काळातील कोरीव दगड पाहायला मिळतो. या बेटावर सप्तकोटीश्वराचे देऊळ होते. ते पोर्तुगिजांनी पाडले. देव नदीपलीकडे नार्व्याला नेला गेला, आणि तिथले देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ साली बांधवून दिले.

टेकडीवरून पलीकडचे जुने गोवे सगळे दिसते. तिथे बसून आम्ही मुलांना जोसेफ वाझ यांची गोष्ट सांगितली. बाणावलीत १६५१ साली जन्मलेला हा गोव्याचाच माणूस. युरोपी संघ इथल्या माणसांना आत घेत नसत, म्हणून स्थानिक धर्मगुरूंनी जुन्या गोव्यात स्वतःचा संघ काढला आणि वाझ त्यात गेले. पण त्या संघातही फक्त ब्राह्मण घरचेच घेतले जात. चारडो, म्हणजे क्षत्रिय म्हणवणाऱ्या घरांतल्या धर्मगुरूंनी मग चिंबलला वेगळे घर केले. उरलेल्या जातींना तर दोन्हीकडे जागा नव्हती. देव बदलला, वेदी बदलली आणि जात तेवढी चर्चच्या बाकावर येऊन बसली. ते ऐकून आमच्यातला कॉलेजात जाणारा मुलगा म्हणाला, "मग बाबासाहेबांनी एवढी वर्षं विचार केला तो उगीच नाही."

हेच वाझ १६८७ साली हमालाच्या वेषात श्रीलंकेत शिरले. किनाऱ्यावर डचांचे राज्य होते व ते कॅथलिकांचा छळ करीत. वाझ आत कँडीला पोचले. आधी हेर म्हणून कैद झाले. मग राजा दुसरा विमलधर्मसूर्य याने त्यांना मोकळे केले आणि आपला धर्म सांगण्याची मोकळीक दिली. हा राजा बौद्ध, आणि त्यानेच कँडीत दंतधातूसाठी तीन मजली मंदिर बांधले. ज्या गोव्यात दात कुटला गेला, त्या गोव्याच्या धर्मगुरूला त्याच दाताच्या रक्षकाने आसरा दिला. १६९७ साली देवीची साथ आली तेव्हा वाझ यांनी आप्तांनी टाकलेल्या रोग्यांची सेवा केली. १७११ साली ते कँडीतच वारले. २०१५ साली पोपनी कोलंबोत त्यांना संत घोषित केले.

परतीच्या फेरीत ऊन उतरले होते. आजी कठड्याशी उभ्या होत्या. धक्का जवळ आला तेव्हा त्यांनी पिशवीतून पाण्याची रिकामी बाटली काढली आणि नातवाला म्हणाल्या, "बाबू, उतरल्यावर एवढी भरून दे." नातू म्हणाला, "आजी, खारं पाणी हाय, पिता येत नाही."

"प्यायला नाही मागत," आजी म्हणाल्या.

ती बाटली सध्या सानगडीत त्यांच्या घरी बुद्धमूर्तीच्या बाजूच्या फळीवर आहे.