नळीतली हवा, साखळीवरचं ओझं

सुक्या गोदीत घेतलेल्या मोठ्या जहाजाच्या मागच्या टोकाखाली उभं राहिलं, की डोक्यावर आभाळ नसतं, पोलाद असतं. गोदीच्या काठावर ताकदवान क्रेन असतात. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये तर ३०० टनांची गोलियथ क्रेन आहे. पण क्रेनचा हूक वरून सरळ खाली येतो, आणि सुकाणू, शाफ्ट, पंखा हे सगळं जहाजाच्या कमानीखाली दडलेलं असतं. वजनंही अफाट. ‘एमा मर्स्क’ या डॅनिश कंटेनर जहाजाचा एकटा पंखा १३१ टनांचा आहे. एवढं टोकाचं उदाहरण सोडून दिलं, तरी साध्या मालवाहू जहाजाचं सुकाणूसुद्धा हाताने हलवण्यासारखं नसतं.

अशा वेळी जहाजाच्या बुडालाच जाड पोलादी कान वेल्ड करतात आणि त्यांना हॉइस्ट, म्हणजे साखळीने ओझं उचलणारी यंत्रं, अडकवतात. ओझं पहिल्या हॉइस्टवर घ्यायचं, दुसऱ्याची साखळी तिरकी ओढायची आणि पहिल्याची तेवढीच सैल सोडायची. असं सोपवत सोपवत ओझं कमानीबाहेर येतं आणि मग क्रेनच्या ताब्यात जातं. ओझी हलवणाऱ्या रिगरांच्या टोळीत ‘हाबेस’ म्हटलं की वर आणि ‘आरिया’ म्हटलं की खाली. दोन्ही हॉइस्टवरची माणसं एकमेकांचा अंदाज घेत बोटभर, अर्धं बोट साखळी हलवतात. हाताच्या चेन ब्लॉकनेही हे साधतं, पण वेळ फार जातो आणि खांदे भरून येतात. इथे हवेवर चालणारा हॉइस्ट कामाला येतो, आणि तो का येतो हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

त्याच्या पोटात विजेची मोटर नसते. कॉम्प्रेसरमधली हवा रबरी नळीतून साधारण ६ बार दाबाने येते. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ६ किलोचा रेटा. तळहाताएवढ्या, १०० चौरस सेंटीमीटरच्या जागेवर ६०० किलो. मोटरीत एका गोल पोकळीत किंचित बाजूला सरकवून बसवलेला रोटर असतो. त्याच्या खाचांमध्ये पात्या आतबाहेर सरकतात. हवा पात्यांना ढकलत अरुंद बाजूकडून रुंद बाजूकडे फुगत जाते आणि रोटर फिरतो. हा वेग गिअरमधून कमी झाला, की जोर वाढतो आणि साखळीचं चाक टनांनी ओझं उचलतं. काही हॉइस्टमध्ये पात्यांऐवजी पिस्टन असतात. ते हळू फिरतात, पण सुरुवातीचा जोर चांगला देतात.

ब्रेकची रचना मला या यंत्राचा सगळ्यात शहाणा भाग वाटते. स्प्रिंग ब्रेकला कायम आवळून धरते आणि हवेचा दाब आला तरच ब्रेक सुटतो. नळी फाटली, कॉम्प्रेसर बंद पडला, कोणी चुकून व्हॉल्व्ह बंद केला, तरी हवा गेली की ब्रेक आपोआप लागतो आणि ओझं आहे तिथे थांबतं. झेपणार नाही इतकं वजन आलं, तर मोटर नुसती थबकते. विजेची मोटर अशी अडकली, तर वेळीच संरक्षण न मिळाल्यास तिचं वाइंडिंग जळतं. हवेच्या मोटरीत जळण्यासारखं वाइंडिंगच नाही. उलट हवा फुगताना थंड होते, म्हणून दिवसभर चालूबंद करूनही ती तापत नाही. आणि व्हॉल्व्ह जितका उघडावा तितकाच वेग मिळतो. शाफ्टच्या जोडाची भोकं एकमेकांसमोर आणताना लागणारी मिलिमीटरची हालचाल या व्हॉल्व्हवर जमते.

एवढ्या गुणांवर मात्र कोणी हे यंत्र घेतलं नसतं. खरं कारण जहाजाच्या पोटातल्या हवेत आहे. टाकीच्या आत रंगकाम चालू आहे असं समजा. रंगातल्या झायलीनसारख्या द्रावकाची वाफ हवेत सुमारे १ टक्का झाली, की ती पेट घेऊ शकते. त्याचा ज्वलनबिंदू २५ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. मुंबईच्या किंवा गोव्यातल्या वास्कोच्या उन्हात तापलेल्या टाकीत तापमान याच्या खाली जातच नाही. तेलवाहू जहाजाच्या पंपरूममध्ये पेट्रोलजन्य वाफा साचतात. पाणबुडीच्या बॅटऱ्यांतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो आणि तो हवेत ४ टक्क्यांपासून स्फोटक होतो. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या आणि २०१७मध्ये नौदलात दाखल झालेल्या ‘कलवरी’ पाणबुडीत प्रत्येकी ७५० किलोचे ३६० बॅटरी सेल आहेत, यावरून अशा कामातल्या वजनांचा अंदाज यावा. जिथे ज्वालाग्राही वाफेची किंवा वायूची शंका आहे, तिथे स्विचमधली एक ठिणगी पुरते. शिवाय सुक्या गोदीत पायाखाली खारं पाणी, टाकीत चिखल आणि चहूबाजूंनी वीजवाहक पोलाद. अशा जागी ४१५ व्होल्टची केबल ओढत नेण्यापेक्षा हवेची नळी नेलेली कधीही बरी.

हवेवर यंत्रं चालवायची ही कल्पना जमिनीखालून आली. आल्प्समधल्या फ्रेजस बोगद्यात जेर्मँ सोमेइए याने १८६१पासून दाबलेल्या हवेवर चालणारे ड्रिल लावले; बोगदा १८७१मध्ये खुला झाला. धूर न करणारी आणि वर कामगारांना ताजी हवा देणारी ही शक्ती पुढे कोळशाच्या खाणींनी उचलली, कारण तिथे मिथेनची भीती होती. जर्मनीच्या रूर खोऱ्यातल्या विटेन गावी १७४५ साली सुरू झालेली जे. डी. नॉयहाउस ही जॅक बनवणारी कंपनी याच खाणपट्ट्यात हवेच्या हॉइस्टकडे वळली. खाणीतून जहाजात यायला या यंत्राला फारसं बदलावं लागलं नाही. जहाजावर हवा आधीपासून होतीच. मोठी डिझेल इंजिनं सुरू करायला ३० बारच्या आसपास दाबाची हवा बाटल्यांत साठवलेली असते आणि दाब कमी करून तीच कामाच्या नळ्यांना पुरवता येते.

मुंबईकरांच्या अगदी जवळचं उदाहरण बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राचं. १९७४मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात तेल शोधलं. अशा रिगवर पाइप, हत्यारं, जड व्हॉल्व्ह इकडून तिकडे हलवायला हवेवरच्या विंच वापरतात. कामगार त्यांना ‘टगर’ म्हणतात. विहिरीच्या तोंडावर बसवायचा ब्लोआउट प्रिव्हेंटर वजनाने कित्येक टनांत जातो आणि त्यासाठी हवेच्या हॉइस्टची जोडगोळी ट्रॉलीवर लावलेली असते. तिथे वायू किती सहज पेटतो, हे २७ जुलै २००५ला दिसलं. आपल्या जखमी स्वयंपाक्याला प्लॅटफॉर्मवर सोपवायला आलेलं ‘समुद्र सुरक्षा’ जहाज प्लॅटफॉर्मच्या रायझरवर, म्हणजे वायू वाहून नेणाऱ्या उभ्या नळीवर, आदळलं, वायू सुटला, पेटला आणि २२ माणसं गेली. त्या दुर्घटनेचा हॉइस्टशी संबंध नव्हता. पण समुद्रावर पेट घेण्याची वाट पाहणारा वायू कायम शेजारी असतो, हे ज्यांनी ती आग पाहिली त्यांना वेगळं सांगावं लागत नाही. टगरबद्दल आणखी एक: माणसं उचलण्याच्या विंच वेगळ्या असतात, त्यांना दोन ब्रेक असतात. मालाच्या टगरवर माणूस टांगणं हा गुन्हा समजला पाहिजे.

आता किंमत. १ टन ओझं मिनिटाला ६ मीटर वेगाने उचलायला प्रत्यक्षात लागते फक्त १ किलोवॉटच्या आसपास शक्ती. हवेने तेच करायचं, तर कॉम्प्रेसरला साधारण ८ ते १० किलोवॉट लागतात. बाकीची ऊर्जा हवा दाबताना उष्णता होऊन जाते, गळतीतून जाते, एक्झॉस्टमधून जाते. म्हणून उघड्या फॅब्रिकेशन शेडमध्ये, जिथे ज्वालाग्राही वाफ नाही, तिथे हवेचा हॉइस्ट बसवणं मला उधळपट्टी वाटते. तिथे विजेचाच हवा.

हवेच्या हॉइस्टचा मोठा शत्रू पाणी आहे, आणि आपल्या किनाऱ्यावर तर फारच. जुलैत ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असताना मुंबईच्या एका घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम पाण्याची वाफ असते. मिनिटाला १० घनमीटर हवा ओढणारा कॉम्प्रेसर ती ७ बारपर्यंत दाबून थंड करतो, तेव्हा आठ तासांच्या पाळीत सुमारे १०० लिटर पाणी बाहेर पडतं. हे पाणी रिसीव्हरच्या तळाच्या ड्रेनमधून वेळेवर काढलं नाही, ड्रायर बंद पडला, तर ते नळीतून थेट हॉइस्टमध्ये जातं. पात्यांवरचं तेल धुतलं जातं, गंज धरतो, पात्या खाचेत चिकटतात. हवा फुगताना तापमान घसरलं, की एक्झॉस्टमध्ये बर्फही धरतो आणि मोटर ऐन ओझ्याखाली सुस्तावते. मग दोष हॉइस्टवर येतो. म्हणून हॉइस्टच्या आधी फिल्टर, दाब ठरवणारा रेग्युलेटर आणि तेलाचे थेंब सोडणारा लुब्रिकेटर, या तिघांची सोबत लागते.

‘हवेचा हॉइस्ट, म्हणजे ठिणगीच नाही’ हा समज मात्र धोक्याचा आहे. गंजलेल्या लोखंडावर अॅल्युमिनियम आपटलं, की पेटवायला पुरेल इतकी गरम ठिणगी उडते. साखळी घासली, हूक कडेला आदळला, तरी तेच. म्हणून धोक्याच्या जागेसाठीच्या हॉइस्टचे हूक तांब्याने किंवा ब्राँझने मढवतात आणि युरोपात स्फोटाच्या धोक्याच्या जागांसाठी असलेली ‘अॅटेक्स’ची खूण पाहूनच यंत्र आत नेतात. हवेच्या जागी नायट्रोजन जोडणं हा आणखी एक घातक मार्ग: बंद टाकीत एक्झॉस्टमधून निघणारा नायट्रोजन प्राणवायूला बाहेर लोटतो आणि माणूस आवाज न करता बेशुद्ध पडतो.

साखळीकडे दुर्लक्ष करून चालत नाही. १९४८च्या कारखाना कायद्याच्या २९व्या कलमाने उचलण्याच्या यंत्रांची आणि साखळ्यांची वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी सक्तीची केली. कड्या किती झिजल्या, साखळी किती ताणली गेली, हूक उघडला का, हे मोजून लिहिलं जातं. अनुभवी रिगर मात्र रोज सकाळी हातमोजा काढून बोट फिरवतो, कारण खारी हवा तपासणीची तारीख पाहून गंज धरत नाही.

नळीतल्या दाबाबद्दल एक गोष्ट मालकांनी आणि फोरमननी लक्षात घ्यावी. कॉम्प्रेसररूममध्ये गेज ७ बार दाखवत असतं, आणि तेवढ्यावर कागद भरला जातो. पण दोनशे फूट बारीक नळी, दोन सांधे आणि गळकी कपलिंग पार करून टाकीत पोहोचेपर्यंत तोच दाब ४ वर येऊ शकतो, आणि तोही हॉइस्ट थांबलेला असताना नव्हे, ओझं उचलताना. दाब उतरला की ताकद उतरते, आणि ३ टनांचा हॉइस्ट ३ टनांचा राहत नाही. गेज हॉइस्टच्या तोंडाशी लावा, ओझं वर जाताना वाचा, आणि नळीचा व्यास त्या आकड्यावरून ठरवा.