मोठें मूल आणि बाबागाडी



आज आपणांपुढें जो प्रश्न मांडावयाचा आहे, तो प्रथमदर्शनीं अगदींच किरकोळ वाटण्याचा संभव आहे. पांच-सहा वर्षांचें मूल बरोबर घेऊन एखाद्या यात्रेला, प्रदर्शनाला किंवा ज्यांस हल्लीं 'थीम पार्क' म्हणतात अशा विस्तीर्ण क्रीडोद्यानाला दिवसभरासाठीं जावयाचें असल्यास बाबागाडी बरोबर घ्यावी कीं घेऊं नये, एवढाच तो प्रश्न. परंतु निघण्याच्या आदल्या रात्रीं ज्या घरांत तो उपस्थित झाला असेल, त्या घरच्या मंडळींस तो किती वादाचा होतो हें ठाऊक आहे. आई म्हणते, "असूं द्या बरोबर, दुपारीं उपयोगीं पडेल." आजोबा म्हणतात, "एवढ्या घोड्याला गाडींत बसवायचें? आम्ही याच्या वयाचे असतांना कोस-कोस चालत होतों." वडील सामानाकडे पाहून मौन धरतात. गाडी घरींच राहते. आणि दुसऱ्या दिवशीं परतण्याच्या वेळीं तें मूल रस्त्यांतच फतकल मारून बसतें. मग अठरा किलोंचें तें ओझें कोणाच्या तरी कडेवर चढतें. आणि तें कोणी म्हणजे बहुधा आईच असते.

मोठीं क्रीडोद्यानें आपल्या वाशीम जिल्ह्यापासून दूर आहेत. रायगड जिल्ह्यांत खोपोलीजवळ २०१३ सालीं सुरू झालेलें इमॅजिका पाहावयाचें, तर येथील कुटुंबाला रात्रभर प्रवास करावा लागतो. परंतु मुलाला दिवसभर चालविणारे आणि रांगेंत उभें करणारे प्रसंग आपल्या जिल्ह्यांतही थोडे नाहींत. मानोरा तालुक्यांतील पोहरादेवीस रामनवमीला भरणारी यात्रा, शिरपूरचें अंतरिक्ष पार्श्वनाथाचें क्षेत्र, कारंजा येथील नृसिंह सरस्वतींचें जन्मस्थान, हीं ठिकाणें आपणां सर्वांच्या परिचयाचीं आहेत. पोहरादेवीस नगाऱ्याच्या आकाराचें बंजारा विरासत संग्रहालयही झालें असून त्याचें उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं झालें. तेव्हां प्रश्न खोपोलीचा असो कीं पोहरादेवीचा असो, तो सारखाच आहे.

प्रथम आजोबांच्या आक्षेपाचा विचार करूं. कारण तो वडीलकीचा आहे आणि त्यांत तथ्यही आहे. पूर्वींचीं मुलें पुष्कळ चालत, हें खरें. परंतु वऱ्हाडांतील कुटुंबें यात्रेला निघत तेव्हां बरोबर छकडा किंवा दमणी असे, हें आपण विसरतों. मुलें गाडीच्या मागें-पुढें धांवत, बोरें वेंचीत, आणि दमलीं म्हणजे गाडींत चढून कडब्यावर झोपीं जात. जाग आली कीं पुन्हां खालीं उतरत. त्यांस कोणी 'तूं आतां मोठा झालास, गाडींत बसूं नकोस' असें म्हणत नसे. मोटार आली आणि ती मुलांना यात्रेच्या सीमेपर्यंत आणून सोडूं लागली. परंतु सीमेच्या आंत बरोबर चालणारी गाडी नाहींशी झाली. चालण्याची शक्ति आजोबांच्या काळीं होती तशी आजही मुलांत आहे. नाहींशी झाली ती दमल्यावर टेकण्याची जागा.

बाबागाडीचा इतिहासही हेंच सांगतो. इंग्लंडमध्यें १७३३ च्या सुमारास विल्यम केंट या कलावंतानें ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांच्या मुलांसाठीं जी गाडी तयार केली, ती शेळीनें किंवा लहानशा घोड्यानें ओढावयाची होती. ती मुलांच्या मौजेची वस्तु होती. केवळ तान्ह्या बाळाचें अंथरूण नव्हे. पुढें अनेक वर्षांनीं, १९६५ सालीं, ओवेन मॅक्लारेन या विमानविद्येंतील अभियंत्यानें छत्रीप्रमाणें मिटणारी हलकी गाडी बनविली. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्याच्या रचनेवर त्यानें काम केलें होतें. त्याच ज्ञानाचा उपयोग त्यानें नळ्यांच्या या चौकटींत केला. गाडी काखेंत मारून आगगाडींत चढतां येऊं लागलें, तेव्हांच ती प्रवासाची वस्तु झाली. आपल्याकडे पांगुळगाडा मुलाला चालावयास शिकवितो. बाबागाडी चालतें मूल दमल्यावर त्याला विसांवा देते. दोहोंचीं कामें निरनिराळीं आहेत, आणि पहिलें संपलें म्हणून दुसरें आपोआप संपत नाहीं.

आतां मुलाच्या शरीराकडे वळूं. प्रौढ मनुष्याचें एक पाऊल साधारणपणें ७० सेंटिमीटरांचें पडतें. पांच वर्षांच्या मुलाचें ५० सेंटिमीटरांच्या आसपास. म्हणजे पांच किलोमीटरांच्या फेरफटक्यांत आपण सुमारें ७,००० पावलें टाकतों, तेव्हां आपला हात धरलेलें मूल १०,००० पावलें टाकतें, आणि तींही आपल्या गतीशीं बरोबरी राखण्यासाठीं भराभर. शिवाय मुलाचें चालणें स्वभावतःच तुटक असतें. तें धांवतें, थांबतें, बसतें, पुन्हां धांवतें. या पद्धतीनें तें अंगणांत दिवसभर खेळूं शकतें. यात्रेंत किंवा क्रीडोद्यानांत त्याला हें स्वातंत्र्य मिळत नाहीं. तेथें एकसारखें चालावें लागतें, किंवा त्याहूनही कठीण म्हणजे, रांगेंत तासन् तास उभें राहावें लागतें. आणि गर्दींत त्याच्या डोळ्यांसमोर देऊळही नसतें कीं पाळणाही नसतो. केवळ अनोळखी माणसांच्या कमरा असतात. अशा वेळीं मूल किरकिर करतें तें हट्टानें नव्हे, हें ध्यानांत घेतलें पाहिजे.

तिसरी गोष्ट उन्हाची. रामनवमी मार्चच्या अखेरीस किंवा एप्रिलांत येते, आणि त्या दिवसांत आपल्याकडे दुपारचा पारा ४० अंशांच्या आसपास जातो. वजनाच्या मानानें मुलाच्या त्वचेचें क्षेत्रफळ मोठें असल्यामुळें, हवा अंगापेक्षां अधिक तापली म्हणजे बाहेरील उष्णता तें प्रौढांहून लवकर शोषून घेतें. त्याला घामही कमी येतो. चालण्यानें अंगांत उत्पन्न होणारी उष्णता त्यांत भर घालते. म्हणून सांवलींत उभी केलेली गाडी आणि तींत अर्धा तास पडलेलें मूल, हा लाड नव्हे. ती सावधगिरी आहे. मात्र ऊन लागूं नये म्हणून गाडीवर पंचा किंवा चादर चहूंबाजूंनीं टाकूं नये. त्यामुळें वारा कोंडतो आणि आंतील हवा बाहेरच्यापेक्षां अधिक तापते. मूल सुस्त होऊन असंबद्ध बोलूं लागलें, त्याला वांत्या झाल्या किंवा अंग तापून कोरडें पडलें, तर तो थकवा नव्हे, उष्माघात असूं शकेल. त्याला ताबडतोब सांवलींत न्यावें, अंगावर पाणी मारावें आणि विनाविलंब दवाखाना गांठावा.

हें सर्व ऐकून कोणी म्हणतील, मग प्रत्येक मोठ्या मुलाला गाडी हवीच काय? तसें मुळींच नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं पांच वर्षांखालील मुलांसाठीं जें मार्गदर्शन प्रसिद्ध केलें, त्यांत तीन-चार वर्षांच्या मुलानें दिवसाकांठीं निदान १८० मिनिटें हालचाल करावी, आणि त्याला एका वेळीं एक तासाहून अधिक काळ गाडींत वा खुर्चींत अडकवून ठेवूं नये, असें म्हटलें आहे. बाजारांत जातांना, शाळेंत जातांना, सकाळच्या गार वाऱ्यांत पद्मतीर्थापर्यंत जातांना धडधाकट मुलानें चालावें हेंच योग्य. अशा ठिकाणीं गाडी देणें म्हणजे त्याच्या पायांचा हक्क काढून घेणें होय.

तेव्हां निर्णय मुलाच्या वयावरून न करतां त्या विशिष्ट दिवसावरून करावा, हें माझें मुख्य सांगणें आहे. निघण्यापूर्वीं घरांतल्या वडील मंडळींनीं चार गोष्टींचा हिशेब करावा. एकूण किती तास घराबाहेर राहावयाचें आहे? त्यांपैकीं किती तास उन्हांत आणि रांगेंत जाणार? आदल्या रात्रीं मुलाची झोंप पुरी होणार आहे काय? आणि मूल दमलें तर मधूनच परत फिरण्याची सोय आहे काय? पोहरादेवीस आपल्या वाहनानें पहाटे जाऊन दहाच्या आंत परतणार असाल, तर सहा वर्षांच्या मुलाला गाडीची गरज बहुधा पडणार नाहीं. उलट रात्रभर बसनें प्रवास करून सकाळीं खोपोलीस उतरणारें तेंच मूल, आठ तासांच्या मौजेसाठीं अर्धी शक्ति रस्त्यांतच खर्चून आलेलें असतें. तेथें गाडी अवश्य असावी. शंका असल्यास एखाद्या रविवारीं त्याला तासभर एकसारखें चालवून पाहावें. तें कोणत्या मिनिटाला मागें पडूं लागतें, आणि दहा मिनिटें बसल्यावर पुन्हां ताजेंतवानें होतें कीं नाहीं, हें पाहिलें म्हणजे पुष्कळसें उत्तर मिळतें.

गाडी न्यावयाचें ठरलें तरी कोणतीही जुनी गाडी चालत नाहीं. चार वर्षांच्या मुलाचें वजन सरासरीनें १६ किलो आणि पांच वर्षांच्या मुलाचें १८ किलो धरतात. परंतु कित्येक गाड्या १५ किलोंपुरत्याच बनविलेल्या असतात. त्याहून अधिक भाराच्या, २२ किलोंपर्यंतच्या, गाड्याही मिळतात. गाडीवर छापलेला आंकडा वाचल्यावांचून मोठें मूल तींत बसवूं नये. मुठीला पिशव्या टांगण्याची संवयही सोडावी. मूल उतरतांक्षणीं गाडी मागें कलंडते, आणि तें बसलेलें असतांना कलंडली तर डोक्याला इजा होते. चाकें लहान असतील तर यात्रेच्या धुळींत आणि खडींत तीं रुततात, आणि देवळाच्या पायऱ्यांशीं मूल व गाडी मिळून पंचवीस किलो उचलावे लागतात. क्रीडोद्यानांत जाण्यापूर्वीं तेथील नियमही विचारून घ्यावेत. अमेरिकेंतील डिस्नेच्या उद्यानांनीं १ मे २०१९ पासून ३१ इंचांहून रुंद व ५२ इंचांहून लांब गाड्यांस मज्जाव केला आहे. तेथें भाड्यानेंही गाड्या मिळतात. अशी सोय असेल तेथें आपली गाडी वाहून नेण्याचें कारण नाहीं.

एका प्रसंगीं मात्र गाडी निषिद्धच मानली पाहिजे, आणि तो म्हणजे दाट गर्दीचा. २५ जानेवारी २००५ रोजीं सातारा जिल्ह्यांतील मांढरदेवीच्या यात्रेंत चेंगराचेंगरी होऊन सुमारें ३०० भाविक मृत्युमुखीं पडले. एका चौरस मीटरांत चार-पांच माणसें दाटलीं म्हणजे पुढें पाऊल टाकणें आपल्या स्वाधीन राहत नाहीं. अशा लोंढ्यांत गाडी अडकते, मागील माणसें तिला अडखळून पडतात, आणि पट्ट्यानें बांधलेलें मूल सोडवितांही येत नाहीं. तेथें गाडी नको, आणि मूलही नको. घरांतल्या एका प्रौढ माणसानें मुलांना घेऊन बाहेर, मोकळ्या जागीं सांवलींत थांबावें, आणि बाकीच्यांनीं पाळीपाळीनें दर्शन घ्यावें. गाडीचा खरा उपयोग अशा थांबण्याच्या वेळींच होतो.

आतां उरला तो लोकलज्जेचा भाग. आणि माझ्या मतें पुष्कळ घरांत निर्णय त्यावरच अडतो. सहा-सात वर्षांचा मुलगा गाडींत दिसला कीं ओळखी-अनोळखीचे लोक हंसतात आणि 'बाळ झालास काय रे?' असें विचारतात. मुलालाही तें लागतें. त्याची भीड राखावयाची असेल तर गाडीला 'सामानाची गाडी' म्हणावें. पाण्याच्या बाटल्या, टोप्या आणि शिदोरी तींत ठेवून ती थोडा वेळ मुलालाच ढकलावयास द्यावी. दमला म्हणजे तो आपण होऊन सामान बाजूला सारून बसेल, आणि हुशारी आली म्हणजे आपण होऊन उतरेल. बसण्याची सक्ति नको, आणि बसल्याबद्दल टोमणाही नको.

आणि एक गोष्ट विशेष आग्रहानें सांगावीशी वाटते. कांहीं मुलांच्या बाबतींत हा सारा हिशेब लागूच पडत नाहीं. हृदयविकार, दमा, स्नायूंची दुर्बलता, किंवा आपल्या विदर्भांत ज्याचे रुग्ण बरेच आढळतात तो सिकलसेलचा आजार, यांपैकीं कांहीं असलेलें मूल बाहेरून इतरांसारखेंच दिसूं शकतें. सिकलसेलच्या मुलाला तर अतिश्रम आणि अंगांतील पाणी कमी होणें यांमुळें तीव्र वेदना सुरू होऊं शकतात. अशा मुलाच्या आईला गाडीसंबंधीं वय विचारणें म्हणजे चष्मा लावणाऱ्याला त्याचें वय विचारण्यासारखें आहे. दहा वर्षांचें मूल गाडींत दिसलें, तर त्याचें कारण विचारण्याचा आपणांस अधिकार नाहीं. वाट करून देणें एवढेंच आपलें काम.

येत्या सुटींत आपणांपैकीं पुष्कळजण मुलाबाळांसह बाहेर पडतील. निघण्याच्या आदल्या रात्रीं वाद झालाच, तर 'याचें वय किती?' या प्रश्नानें तो सुरू न करतां 'उद्यांचा दिवस किती तासांचा?' या प्रश्नानें करावा, एवढी विनंति आहे.