समजून घ्या : मेक्सिकोचं लोकसंगीत जॅझमध्ये मिसळतं तेव्हा नेमकं काय होतं? उत्तराचा धागा आपल्या वरातीतल्या ट्रम्पेटपर्यंत

हदगावात लग्नसराईत संध्याकाळी रस्त्यावर उभं राहिलं की दोन आवाज ओळखू येतात. एक, छातीत धडधडणारा डीजेचा. दुसरा, दिवसेंदिवस कमी ऐकू येणारा बँडवाल्यांच्या ट्रम्पेटचा.

या ट्रम्पेटचं जॅझशी नातं आहे आणि जॅझचं मेक्सिकोशी. मेक्सिकोचं पारंपरिक संगीत आणि जॅझ एकत्र आणणारी मोफत मैफल हा विषय म्हणूनच वाटतो तितका परका नाही. ही मैफल कुठे होते, दोन संगीतं मिसळतात कशी आणि मोफत कार्यक्रमाचे पैसे कोण देतं, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

मैफल कुठे होते?

अमेरिकेतलं सॅन डिएगो आणि मेक्सिकोतलं तिहुआना ही दोन शहरं एकमेकांना लागून आहेत. मध्ये सरहद्दीचं पोलादी कुंपण. काही ठिकाणी त्याची जाळी इतकी बारीक होती की पलीकडच्या माणसाच्या बोटाचं टोक तेवढं हाताला लागायचं.

होर्हे फ्रान्सिस्को कास्तियो या निवृत्त ग्रंथपालाने २००८ पासून इथे दरवर्षी एक मैफल भरवायला सुरुवात केली. नाव ‘फॅन्डँगो फ्रोंतेरिसो’, म्हणजे सरहद्दीवरचा फॅन्डँगो. निम्मे वादक कुंपणाच्या अलीकडे असायचे, निम्मे पलीकडे आणि गाणं एकच. तिकीट नाही.

२०१८ मध्ये जॅझ पियानोवादक आर्तुरो ओफॅरिल आपला वाद्यवृंद घेऊन इथे पोहोचले. त्यांचा जन्म मेक्सिको सिटीचा, कारकीर्द न्यूयॉर्कची. लोककलाकार आणि जॅझवाले एकत्र वाजले आणि त्यातून ‘फॅन्डँगो अॅट द वॉल’ हा अल्बम तयार झाला. ओफॅरिल यांच्यासोबत त्याची निर्मिती करणारे कबीर सेहगल हे भारतीय वंशाचे अमेरिकन. २०२० मध्ये याच नावाचा माहितीपटही आला.

फॅन्डँगो म्हणजे काय?

मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्यावर व्हेराक्रूझ नावाचा प्रांत आहे. तिथल्या लोकसंगीताला ‘सोन हारोचो’ म्हणतात. स्पॅनिश लोकांनी आणलेली तंतुवाद्यं, गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांची लय आणि मूळ रहिवाशांची परंपरा, अशा तिघांच्या मिश्रणातून ते घडलं. जगभर गाजलेलं ‘ला बांबा’ हे मुळात याच परंपरेतलं गाणं. १९५८ मध्ये रिची व्हॅलेन्सने त्याला रॉक संगीताचा साज चढवला.

फॅन्डँगो म्हणजे या संगीताची गावजत्राच. मधोमध लाकडी फळ्यांचा बुटका मंच असतो. त्याला ‘तारिमा’ म्हणतात. त्यावर नाचणाऱ्यांच्या टाचा हेच तालवाद्य. भोवती ‘हाराना’ नावाची छोटी गिटारसारखी वाद्यं घेतलेले लोक. एकाने ओळ टाकायची, दुसऱ्याने जागच्या जागी रचून उत्तर द्यायचं. आपल्याकडचा कलगी-तुरा आठवा, म्हणजे रंग लक्षात येईल.

फॅन्डँगोत कलाकार आणि श्रोते यांच्यात पक्की रेषा नसते. ज्याला येतं तो वाजवतो, ज्याला येत नाही तो बघून शिकतो. हदगाव तालुक्यातल्या तामशाची बारालिंगाची भाजी-भाकरी पंगत ठाऊक असेल, तर हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. घरोघरची भाकरी येते, भाजी एकत्र शिजते आणि जेवणाऱ्याला कुणी ‘तू काय आणलंस’ असं विचारत नाही.

दोन संगीतं मिसळतात कशी? टाळी देऊन बघा

मोबाइल क्षणभर खाली ठेवा आणि एका लयीत सहापर्यंत मोजत राहा.

पहिल्यांदा १ आणि ४ वर टाळी द्या. सहा मात्रांचे तीन-तीनचे दोन भाग पडले. हा आपला दादरा.

आता मोजण्याचा वेग तोच ठेवून १, ३ आणि ५ वर टाळी द्या. त्याच सहा मात्रा, पण आता दोन-दोनचे तीन भाग.

मेक्सिकोच्या अनेक लोकगाण्यांत हे दोन्ही हिशेब आलटून पालटून किंवा एकाच वेळी चालतात. नाचणाऱ्याचे पाय एक हिशेब धरतात, तंतुवाद्यं दुसरा. कान गोंधळतो आणि त्या गोंधळातच मजा येते.

जॅझवाल्याला नेमकी अशीच जागा हवी असते. अपेक्षित ठिकाणी आघात न देता जरा आधी किंवा नंतर द्यायचा, हा जॅझचा स्वभाव. दुसरा स्वभाव जागेवर रचण्याचा. ख्याल गाणारा रागाच्या चौकटीत बढत करतो आणि समेवर येतो. जॅझ वादक स्वरसंगतीचं ठरलेलं चक्र धरून त्यावर नवी चाल बांधत जातो आणि शेवटी मूळ धुनेवर परततो. सोन हारोचोतही गायक ओळी जागेवर रचतो. मिश्रण जमतं ते या दोन समान सवयींमुळे. नुसती गिटारशेजारी सॅक्सोफोन ठेवून ते जमत नाही.

ओळखही जुनी आहे. १८८४-८५ मध्ये न्यू ऑर्लिन्स शहरात मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे मेक्सिकोच्या घोडदळाचा बँड आला आणि शहरात गाजला. त्याच्या धुनांची स्वरलिपी तिथे छापून विकली गेली. पुढच्या काही दशकांत याच शहरात जॅझ जन्माला आलं. मेक्सिकोत राहून आलेल्या टिओ कुटुंबातल्या क्लॅरिनेटवादकांनी जॅझची पहिली पिढी शिकवली. सिडनी बेशे हे त्यातलं मोठं नाव.

महाराष्ट्रात असं काही झालंय?

झालंय आणि तेही एका मराठी माणसाच्या हातून.

रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. जन्म १९१८, गाव नगर जिल्ह्यातलं पुणतांबा. शास्त्रीय संगीताचे धडे विनायकबुवा पटवर्धनांकडे. ‘ऐ मेरे वतन के लोगो’चे संगीतकार म्हणून त्यांना सगळे ओळखतात, पण त्यांची दुसरी बाजूही तितकीच मोठी आहे.

त्या काळी मुंबईच्या बड्या हॉटेलांत जॅझ वाजवणारे बहुतेक वादक गोव्याचे होते. त्यांना स्वरलिपी वाचता यायची. ट्रम्पेट, सॅक्सोफोन त्यांच्या हातातला खेळ. ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणून ओळखले जाणारे चिक चॉकलेट, मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ, त्यांच्यातलेच. दिवसा स्टुडिओत आणि रात्री हॉटेलात, अशी त्यांची कमाई चालायची. सी. रामचंद्र यांनी या मंडळींना सोबत घेतलं.

१९५१ च्या ‘अलबेला’मधलं ‘शोला जो भडके’ आज ऐकून बघा. बोंगो लॅटिन अमेरिकेतला, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन जॅझचे, चाल मात्र कुणालाही गुणगुणता येईल अशी आपली. बोंगो मूळचा क्युबाचा, त्यामुळे ते मेक्सिकोचं संगीत नव्हे. लॅटिन संगीताच्या मोठ्या कुटुंबातलं दुसरं घर म्हणता येईल. मिसळण्याची पद्धत मात्र तीच. पडद्यावर नाचणारे भगवानदादा गिरणी कामगाराचे चिरंजीव. हात खांद्यांपाशी धरून डुलत जाण्याची त्यांची ती लकब आजही वरातीत दिसते. नाचणाऱ्याला ती कुणाची हे माहीत असो वा नसो.

हॉटेलातून स्टुडिओत, स्टुडिओतून सिनेमात आणि सिनेमातून बँडच्या पितळी वाद्यांत, असा या सुरांचा आपल्या रस्त्यापर्यंतचा प्रवास झाला.

मोफत, मग पैसे कोण देतं?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मैफल ऐकणाऱ्याला मोफत असते. वाजवणाऱ्याचं पोट मात्र मोफत भरत नाही.

अमेरिकेत या प्रश्नावर मोठा संघर्ष झाला. रेकॉर्ड आणि नाणं टाकून वाजणारी ज्यूकबॉक्स यंत्रं आली, तशी हॉटेलांना आणि रेडिओला जिवंत वादकांची गरज कमी वाटू लागली. जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखालच्या वादकांच्या संघटनेने १ ऑगस्ट १९४२ पासून रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला. शेवटच्या मोठ्या कंपन्यांशी तडजोड व्हायला १९४४ चा नोव्हेंबर उजाडला. १९४८ मध्ये पुन्हा बहिष्कार झाला.

त्यातून एक वेगळा मार्ग निघाला. १९४८ मध्येच ‘म्युझिक परफॉर्मन्स ट्रस्ट फंड’ उभा राहिला. रेकॉर्ड कंपन्यांनी विक्रीतला ठरावीक हिस्सा या निधीत द्यायचा. त्यातून वादकांना मानधन मिळणार आणि ते बागेत, शाळेत, वाचनालयात लोकांसाठी मोफत वाजवणार. थोडक्यात, ज्या यंत्राने काम हिरावलं, त्याच यंत्राच्या कमाईतून वादकाला काम. हा निधी आजही अशा मैफलींना पैसे देतो.

यात हदगावसाठी काय?

रेकॉर्ड आणि वादक यांच्यातला तो झगडा आता आपल्या रस्त्यावर डीजे आणि बँड यांच्यात दिसतो. ट्रॅक्टरवर चढवलेल्या चार भिंतींएवढ्या स्पीकरला ना सराव लागतो, ना पंधरा-वीस माणसांची मजुरी. बँडमधल्या माणसाला मात्र वर्षातले मोजकेच मुहूर्त मिळतात, बाकीचे दिवस दुसऱ्या कामावर काढावे लागतात. एक सुपारी गेली की तेवढ्या घरांतला एकेक दिवस जातो. मुलगा शिकत नाही आणि बापाबरोबर वाद्यही माळ्यावर जातं.

आपल्याकडे तसा निधी नाही. पण गणेश मंडळं आहेत, जयंती उत्सव समित्या आहेत, दिवाळी पहाट आहे आणि वर्गणी काढायची सवय तर पिढ्यांची आहे. त्या वर्गणीतली एक संध्याकाळ गावच्याच बँडला, हलगीवाल्याला आणि भजनी मंडळातल्या पेटीवाल्याला ठरलेलं मानधन देऊन चौकात एकत्र बसवता येते. वरातीची घाई नसेल, पुढे सरकायचं नसेल, तेव्हा हे लोक काय वाजवू शकतात हे आपण अजून धड ऐकलेलंच नाही.

त्याआधी एवढं करा. पुढच्या वरातीत बँड दिसला तर दोन मिनिटं ट्रम्पेटवाल्याजवळ थांबा आणि मनात सहापर्यंत मोजा. आधी १ आणि ४ धरून, मग १, ३ आणि ५ धरून. गाणं संपलं की मास्तरांना एक जुनी फर्माईश करा. ‘शोला जो भडके’ येतं का, विचारा.