लवूळची पळवापळवी
मांजर दुधाचं पातेलं लवंडतं, कुत्रं नेमकी एकच चप्पल पळवतं. माजलगाव तालुक्यातल्या लवूळमध्ये मात्र २०२१ मध्ये कुत्र्यांची पिल्लंच पळवली गेली. वानरं त्यांना उचलून झाडांवर, घरांच्या छतांवर नेत. तिथं ना आईचं दूध, ना खाली उतरायची सोय. काही पिल्लं उपाशी मेली, काही पडून. डिसेंबरात वन विभागाच्या नागपूरच्या पथकाने दोन वानरं पकडून नेली. तोवर ‘वानरांनी २५० कुत्री मारून सूड घेतला’ ही बातमी जगभर पोचली होती. आकडा गावकऱ्यांच्या सांगण्यातला. सूड तर निव्वळ माणसाच्या डोक्यातला! लहानग्याला छातीशी धरून हिंडणं, अंगावरच्या उवा टिपत बसणं हा वानरांचा स्वभावच. पिल्लू कुत्र्याचं होतं, एवढंच.