झोपेची वेळ सांभाळा

रमजानच्या शेवटच्या दहा रात्री आमच्या मुरूडच्या आजोळी फारसे कोणी झोपत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या मामेबहिणीनेही त्या जागून काढल्या. रात्री दोनला मेवा कापायची, लगेच शिलाई मशीनवर बसायची. थकवा नाही, भूक नाही. आम्ही म्हणायचो, माशाअल्लाह, कामात काय बरकत आहे! ईदनंतर तीन आठवड्यांनी ती अंथरुणातून उठेना. नजर लागली म्हणून तावीज आला. शेवटी डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले, बायपोलर.

या आजारात मन कधी उधाणावर, कधी पार तळाला. शरीरातले घड्याळ नाजूक असते. झोप तुटली की उधाण येऊ शकते. गंमत अशी, की मुद्दाम एक रात्र जागवल्यावर काही रुग्णांची उदासी सकाळपर्यंत हलकी होते. पण पुढच्या झोपेनंतर बहुधा परत येते. इटलीत मिलानच्या सान राफाएले रुग्णालयातले डॉक्टर अशा जागरणाला लिथियम आणि प्रखर प्रकाशाची जोड देतात. हे डॉक्टरांच्या नजरेखालीच करायचे, घरी मुळीच नाही. त्याच रुग्णालयात 2001 साली आढळले, की पूर्वेच्या खोल्यांतले बायपोलर उदासीचे रुग्ण पश्चिमेकडच्यांपेक्षा सरासरी जवळजवळ पावणेचार दिवस लवकर घरी गेले. सकाळचे ऊन, बस्स! आपल्याकडे समुद्र पश्चिमेला, म्हणून खिडकी सगळ्यांना तिकडचीच हवी. आम्ही बहिणीची खाट वाडीकडच्या, पूर्वेच्या खोलीत हलवली.

अमेरिकेत पिट्सबर्गच्या एलन फ्रँक यांनी याच घड्याळावर उपचारपद्धत बसवली. उठणे, दिवसातले पहिले बोलणे, कामाला लागणे, रात्रीचे जेवण, झोपणे या पाच वेळा रोज वहीत लिहायच्या आणि शक्यतो ढळू द्यायच्या नाहीत. औषध सुरूच ठेवून, बरे का. बहिणीच्या वहीत झोपेची वेळच सापडेना. दूल्हेभाई कुवेतला, त्यांची ड्युटी रात्री दहाला सुटते, तेव्हा इथे साडेबारा. मग व्हिडिओ कॉल. तो कॉल सकाळी आठवर आणायला आम्हाला दोन महिने लागले. तिच्या सासूबाईंना वाटले, नवरा-बायकोत काही बिनसले!

रोजाचा प्रश्न याहून अवघड. शरीरात पाणी कमी पडले की रक्तातले लिथियम वाढू शकते, आणि ते धोक्याचे. डॉक्टरांनी रोजे नको म्हटल्यावर ती खूप रडली. सूरह बकरामध्ये आजाऱ्याला सवलत आहे, हे मौलाना साहेबांनी घरी येऊन समजावले तेव्हा कुठे शांत झाली. ज्यांचे औषध चालू आहे त्यांनी रमजानच्या आधीच डॉक्टरांना गाठावे; गोळ्या आपल्या मनाने मागेपुढे करू नयेत. डॉक्टर लांब असतील तर सरकारच्या टेलिमानसचा 14416 हा मोफत क्रमांक मराठीतही बोलतो.

आता सहरला मामी उठते, तेव्हा भांडी वाजू नयेत म्हणून आदल्या रात्रीच ओट्यावर काढून ठेवते आणि स्वयंपाकघराचे दार ओढून घेते.